झुकिनीला झाकण नको

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

शेजारच्या बाईंच्या वाफ्यातून दर आठवड्याला पिशवीभर झुकिनी येतेय आणि भाजी मात्र दर वेळी पाणचट होतेय, असं तू म्हणालीस. इंग्लंडात जुलै ते सप्टेंबर ही भाजी स्वस्तही असते आणि ताजीही, तेव्हा ती हाताशी बसायलाच हवी. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तू ती दुधीसारखी करतेस, तिथेच बिघडतं. फोडणीत फोडी, वर पाण्याचा हबका, झाकण आणि मंद आच, हे दुधीला चालतं. पाणी खरं तर दोन्हींत सारखंच, शंभरात पंचाण्णव भाग. पण दुधीचा गर घट्ट असतो, वाफेत दहा-बारा मिनिटं टिकतो. झुकिनी फूल गळल्यावर आठवड्याभरात, बी धरायच्या आत तोडतात. तिचा गर कोवळा. झाकणाखाली चार मिनिटांत तो बसतो, धरलेलं सगळं पाणी सोडून देतो, आणि मग ते आटवायला जावं तर फोडींचा लगदा होतो. म्हणून झुकिनीला झाकण नको, वरून पाणी नको, आच मोठी, आणि साध्या परतलेल्या भाजीत मीठ सगळ्यात शेवटी.

निवडताना वीतभर लांबीची, दीडशे ते दोनशे ग्रॅमची घे. हातात जड लागली पाहिजे, साल चकचकीत हवी, नखाने सहज टोचली जावी. साल काढू नकोस, रंग आणि थोडाफार चावा तिच्यातच असतो. दोन्ही टोकं कापून टाक. घरी आणल्यावर धुवून ठेवू नकोस. कोरडीच कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेव, चार-पाच दिवस छान राहते. मागे अगदी गारठ्यात ठेवलीस तर सालीवर खड्डे पडतात आणि ती बुळबुळीत होते.

एक गोष्ट मात्र कधी चुकवू नकोस. वाफ्यातल्या झुकिनीचा एक छोटा तुकडा कच्चाच जिभेवर ठेवून बघ, प्रत्येक फळाचा. कडू लागला तर थुंकून टाक आणि ते फळ सरळ कचऱ्यात. आपण कडू दुधीच्या बाबतीत करतो तेच इथे. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा. तो शिजवून जात नाही, मिठाने उतरत नाही, आणि त्याने जोराच्या उलट्या-जुलाब होतात. जर्मनीत हायडनहाइमला २०१५ मध्ये घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. शोभेच्या भोपळ्याशी संकर झालेल्या वेलाचं बी घरी धरून पुढच्या वर्षी लावलं की असं फळ येऊ शकतं. त्या बाई बी विकत आणतात की घरचं धरतात, हे एकदा सहज विचारून ठेव. दुकानातल्या झुकिनीत हे क्वचितच होतं, तरी तुकडा चाखायला काय जातं?

आता साधी परतलेली भाजी. पाव किलोच्या अर्ध्या इंचाच्या फोडी कर आणि पंचात पसरून कोरड्या कर. तुझ्याकडचा रुंद तवा, २८ सेंटीमीटरचा, आधी दोन मिनिटं मोठ्या आचेवर तापव. तुझी शेगडी विजेची आहे, ती हळू तापते, म्हणून घाई करू नकोस. एक मोठा चमचा तेल, मोहरी, जिरं, हिंग, दोन सुक्या मिरच्या, आणि लगेच फोडी. फोडी एका थरातच बसल्या पाहिजेत. अर्धा किलो एकदम ओतलीस तर तवा थंड पडतो, पाणी सुटतं आणि भाजी परतली न जाता उकडते. अर्धा किलो करायची असेल तर दोन घाण्यांत कर. टाकल्यावर दोन मिनिटं कालथा लावू नकोस. खालच्या बाजूला बदामी डाग पडले की उलट, पुन्हा दोन मिनिटं. हळद, तिखट, पाव चमचा मीठ, एकदा हलव आणि उतरव. फोडी मधोमध किंचित कच्च्या वाटतील तेव्हाच उतरवायच्या, ताटात येईपर्यंत त्या आपल्या उष्णतेनेच शिजतात. खोबरं-कोथिंबीर वर, लिंबू ज्याचं त्याने पिळावं.

पीठ पेरून केलेली मला सगळ्यात जास्त आवडते, आणि ती तुझ्याकडून बिघडते ती बेसनामुळे. ढोबळी मिरचीच्या भाजीत कच्चं बेसन पेरून झाकण ठेवलं की वाफेवर शिजतं. इथे झाकण नाही, आणि बेसन शिजायच्या आत झुकिनी शिजून जाते. म्हणून बेसन आधीच कोरडं भाज: चारशे ग्रॅम भाजीला पन्नास ग्रॅम, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, खमंग वास येऊन रंग जरासा बदलेपर्यंत. ते बाजूला काढ. मग तीन मोठे चमचे तेल (यात हात आखडू नकोस, पीठ तेल पितं), मोहरी, जिरं, हिंग, पाच-सहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, हळद, एक चमचा तिखट, आणि फोडी दोन घाण्यांत परतून एकत्र. आता पाऊण चमचा मीठ घाल. या एका भाजीत मीठ मुद्दाम पीठ घालायच्या आधी, कारण पिठाला थोडं पाणी हवं असतं. अर्ध्या मिनिटात फोडी ओलसर चमकायला लागतात. तळाशी पाणी साचायची वाट बघू नकोस, चमक दिसली की बेसन तीन वेळा हाताने भुरभुरव आणि दर वेळी खालून वर परत. आच बारीक कर, तीन-चार मिनिटं उघडीच ठेव. पीठ फोडींना चिकटून रवाळ, मोकळं दिसलं की झाली. चिकट गोळे झाले तर पाणी जास्त सुटलं होतं, टाळूला चिकटली तर बेसन कच्चं राहिलं, आणि कोरडी ठक्क वाटली तर कडेने चमचाभर तेल सोड. पाणी मात्र शिंपडू नकोस.

मुगाच्या डाळीची करायची असेल तर डाळ आणि भाजी एकदम घालू नकोस. पाव वाटी डाळ तासभर भिजव, फोडणीत अर्धी वाटी पाण्यावर झाकून आठ-दहा मिनिटं शिजव, बोटाने दाबली की चिरडली पाहिजे पण दाणा दिसला पाहिजे. पाणी आटल्यावर झुकिनी घालून मोठ्या आचेवर चार मिनिटं. आमटीत किंवा सांबारात टाकायची झाली तर तीही अगदी शेवटच्या चार मिनिटांत.

पाणी सुटतं ही जिथे अडचण नसून सोय आहे, असा पदार्थ म्हणजे थालीपीठ. तीनशे ग्रॅम झुकिनी मोठ्या भोकांच्या किसणीवर सालासकट किस. पिळू नकोस. त्यात एक बारीक चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एक चमचा तीळ, अर्धा चमचा ओवा, हळद, तिखट आणि एक सपाट चमचा मीठ घालून पाच मिनिटं थांब. किसाला सुटलेल्या त्या पाण्यातच भाजणी मळायची. साधारण दोनशे ग्रॅम लागते, पण एकदम ओतू नकोस, मावेल तशी घाल. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि भजीच्या पिठापेक्षा घट्ट हवा. तव्यावर टाकायच्या अगदी आधी मळ. मळून अर्धा तास ठेवलास तर झुकिनी आणखी पाणी सोडते, पीठ ओघळतं, मग वरून भाजणी घालत बसावी लागते आणि चव पिठूळ होते. ओल्या फडक्यावर थाप, मधे भोक आणि भोवती चार, प्रत्येकात तेलाचा थेंब. पहिली बाजू झाकून तीन मिनिटं मध्यम आचेवर, इथे झाकण हवंच, जाड पिठाला वाफ लागते. उलटल्यावर उघडं ठेव, म्हणजे कडा कुरकुरीत होतात. एवढ्यात पाच-सहा होतात. भाजणी संपली असेल तर शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ, पन्नास बेसन, पन्नास तांदळाचं पीठ आणि चमचाभर धने-जिरेपूड कोरडंच तीन-चार मिनिटं परतून घे. भाजणीची सर त्याला येत नाही, पण नुसत्या कच्च्या पिठापेक्षा कितीतरी बरं. वर लोण्याचा गोळा, जोडीला दही. तिकडचं घट्ट दही थालीपिठाला फार चांगलं आहे.

कोशिंबिरीला अगदी कोवळी घे. पाव किलो बारीक चोचव, अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेव, मुठीत घट्ट पिळ. ते पाणी मोरीत ओतू नकोस, पोळीची कणीक त्यात भिजव, फक्त कणकेत वेगळं मीठ घालू नकोस. पिळलेल्या झुकिनीत दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, लिंबू आणि तुपाची जिऱ्या-मिरचीची फोडणी. दही घालायचं असेल तर पानं वाढताना, आधी नाही. पुन्हा मीठ घालण्यापूर्वी चव बघ, कारण पिळूनही बरंच मीठ आत राहतं.

भरीत वांग्यासारखं जाळावर भाजून होत नाही, आत नुसतं पाणी राहतं. ते ओव्हनमध्ये कर. उभे दोन भाग, गरावर सुरीने आडव्या-तिडव्या चिरा, तेलाचा हात, कापलेली बाजू वर, २२० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. कडा चांगल्या तपकिरी होऊ दे, चव तिथेच येते. चमच्याने ठेचून चाळणीत दहा मिनिटं निथळ, मग कच्चा कांदा, दही, मीठ आणि हिंगाची फोडणी.

वांग्याचे करतो तसे काप मात्र हुबेहूब होतात. बोटाच्या अर्ध्या जाडीच्या चकत्या, मीठ-हळद-तिखट लावून दहा मिनिटं, मग कागदाने टिपून रवा आणि तांदळाच्या पिठात घोळव. रवा लावून ताटकळत ठेवू नकोस, तो भिजतो आणि तव्यावर सुटून येतो. दर बाजूला तीन मिनिटं, आणि वरण-भात वाढून झाल्यावरच तव्यावर टाक, कारण पाच मिनिटांत ते मऊ पडतात.

ही भाजी आजच्या रूपात इटलीत, मिलानच्या आसपास वाढली, तेव्हा तिथली एक रीतही सांगून ठेवते, डब्यासाठी फार उपयोगी आहे. नेपल्सकडे पातळ चकत्या तासभर फडक्यावर सुकवतात, तेलात बदामी तळतात आणि गरम असतानाच व्हिनेगर, चिरलेला लसूण आणि पुदिना घालून मुरवत ठेवतात. अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक लसूण पाकळी, दहा-बारा पानं पुरतात. आदल्या रात्री कर, दुसऱ्या दिवशी पोळीच्या गुंडाळीत घालून ने. यात पाणी सुटायची भीतीच नाही, ते आधीच उडून गेलेलं असतं.

दुधीहलव्यासारखा हिचा हलवा करण्याच्या फंदात पडू नकोस. कीस दुधात विरून जातो, रवाळपणा येत नाही, आणि साखर-दूध वाया जातं.

त्या बाईंना फुलं माग. लाल भोपळ्याच्या फुलांची भजी तुला आठवतच असतील, तशीच होतात. लांब बारीक देठाचं ते नर फूल, ते तोडायचं. देठाशी इवलीशी झुकिनी असते ते मादी फूल, त्याला हात लावू नकोस. नर फुलंही सगळी तोडायची नाहीत, मधमाश्यांना परागासाठी काही ठेवावी लागतात, नाहीतर छोटी फळं टोकाकडून सडून गळतात. सकाळी उमललेली घे, आतला केसर काढ, किडा-मुंगी बघ, धुतलीस तर अलगद टिप. शंभर ग्रॅम बेसन, एक मोठा चमचा तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, मीठ, आणि पाणी बेताचं. पीठ पळीवरून सलग धारेने पडलं पाहिजे. जाड झालं तर फूल आत हरवतं.

राहून गेलेली, हातभर वाढलेली झुकिनी ही खरं म्हणजे वेगळी भाजी समज. तिची साल जाड होते, बी टणक होतं. साल काढ, मधला बियांचा कापूस चमच्याने काढून टाक, आणि तिला खुशाल दुधीसारखी झाकून शिजव, चणाडाळ घालून. काढलेली साल बारीक चिरून तेलात कुरकुरीत परत, तीळ, सुकं खोबरं, सुकी मिरची आणि मीठ घालून कूट, दोडक्याच्या शिरांच्या चटणीसारखी चटणी होते.

आणि एवढं करूनही उरलीच तर फोडी गोठवू नकोस, बर्फ वितळल्यावर त्यांचं पाणीच होतं. किसून, घट्ट पिळून तीनशे-तीनशे ग्रॅमच्या पिशव्या सपाट करून फ्रीजरमध्ये टाक. हिवाळ्यात थालीपिठाला येतील. तो कीस पिळलेला असणार, तेव्हा भाजणी मळताना थोडं पाणी वरून घालावं लागेल.

डिसेंबरात तुझी मैत्रीण इकडे येते आहे ना, तिच्याबरोबर दोन किलो भाजणी पाठवते. तिची परतीची तारीख कळव, म्हणजे आदल्या आठवड्यात भाजून दळून ठेवीन.

तुझी,
आई