शांत डिअरहाउंड आधी दोन वर्षं अशांत असतो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्यांदाच कुत्रा पाळू इच्छिणाऱ्यांसाठी जी चौकट छापली आहे, तिच्यात स्कॉटिश डिअरहाउंडची मनापासून शिफारस आहे. ‘उंच, देखणा, अबोल, आणल्या दिवसापासून घरात मुरणारा’ असं त्याचं वर्णन. सोबत फोटो आहे, गालिच्यावर लांबलचक पसरलेल्या एका पोक्त कुत्र्याचा. फोटोबद्दल माझी तक्रार नाही. पत्र लिहिताना माझ्या पायाशी तसाच एक पसरलेला आहे आणि त्याला ओलांडल्याशिवाय मला शाई आणायला उठता येत नाही. तक्रार ‘आणल्या दिवसापासून’ या दोन शब्दांबद्दल आहे.

मी निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं भूमिती शिकवली आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आयुष्यातला पहिला कुत्रा पाळला, तोही याच जातीचा. नाव बैरागी, हाकेला बैरू. नोंदी ठेवायची जुनी खोड असल्यामुळे त्याची एक वही आहे. ती समोर ठेवूनच लिहिते आहे.

आधी पिल्लू मिळण्याबद्दल, कारण तुमच्या चौकटीत त्यावर अवाक्षर नाही. डिअरहाउंड जगात कुठेच मुबलक नाही. जातिवंत पैदास करणारे, म्हणजे ब्रीडर, मोजके, त्यांच्याकडेही दरवर्षी वेत होतंच असं नाही. मला अकरा महिने थांबावं लागलं. तिसऱ्या महिन्यात माझा धीर सुटला होता, हे कबूल करते. इंटरनेटवर एक जाहिरात सापडली: पाच पिल्लं तयार, हवा तो रंग, आजच आगाऊ रक्कम भरा, घरपोच आणून देऊ. मी फोन केला. आईला बघायला कधी येऊ, असं विचारलं तर म्हणे आई आजारी आहे, तिला त्रास नको. यकृताची चाचणी केली आहे का, तर म्हणे सगळी इंजेक्शनं दिलेली आहेत. इंजेक्शनांचा आणि त्या चाचणीचा काडीचा संबंध नाही, एवढं मला तोवर वाचून कळलं होतं. तरीही रात्री मी पैसे भरायला बसलेच होते. मोह फार वाईट. भाचीने तेच फोटो दुसऱ्या एका जाहिरातीत, दुसऱ्या नावाने, आयरिश वुल्फहाउंड या दुसऱ्याच जातीची पिल्लं म्हणून दाखवले, तेव्हा मी थांबले.

ती चाचणी काय, ते थोडक्यात सांगते. या जातीत काही पिल्लांच्या यकृतात जन्मजात आडवाट असते. आतड्यातून आलेलं रक्त यकृतात गाळलं जायला हवं, ते त्या वाटेने परस्पर शरीरात जातं. मग अमोनियासारखी विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत पोहोचतात. असं पिल्लू वाढीत मागे पडतं, जेवणानंतर झिंगल्यासारखं करतं. लहानपणीच रक्त तपासलं तर ते कळतं, आणि जबाबदार ब्रीडर हे तपासल्याशिवाय पिल्लू कोणाच्या हातात देत नाही. बैरूच्या ब्रीडर बाईंनी मी न विचारता सगळ्या पिल्लांचे कागद पुढे ठेवले. आई-वडिलांच्या हृदयाच्या तपासणीचे कागदही होते, कारण मोठेपणी हृदयाचे स्नायू सैल पडण्याचा आजार या जातीत आढळतो. हाडांचा कर्करोगही आढळतो. आठ-नऊ वर्षं साथ मिळाली तर चांगली मिळाली म्हणायची, हे त्यांनी पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी सांगितलं. विकणाऱ्याने असं बोलावं याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

त्याहून जास्त लागले त्यांचे प्रश्न. कुंपण किती उंच? जिना किती पायऱ्यांचा? दिवसात किती तास घर रिकामं असतं? तुम्ही आजारी पडलात तर चाळीस किलोंच्या कुत्र्याला कोण फिरवणार? घरात मांजर आहे का? चौतीस वर्षं मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या, पण अशी कोणी माझी घेतली नव्हती. घरी येऊन मी यजमानांसमोर बराच वेळ फणफणत होते. ते म्हणाले, ‘पास झालीस का ते सांग.’ नव्हते झाले. कुंपण कमी पडलं होतं. ते सहा फुटांचं करून फोटो पाठवला, तेव्हा कुठे यादीत नाव लागलं.

इथे एक आडवी दुरुस्ती. आपल्या लेखकाने डिअरहाउंड आणि आयरिश वुल्फहाउंड ही एकाच कुत्र्याची दोन नावं असल्यासारखं लिहिलं आहे. तसं नाही. आयरिश वुल्फहाउंड एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपला होता. कॅप्टन जॉर्ज ग्रॅहम यांनी १८६०च्या दशकापासून तो पुन्हा उभा केला आणि त्यासाठी डिअरहाउंडचं रक्त वापरलं, म्हणून दोघे सारखे दिसतात. डिअरहाउंडवरही त्याआधी तशीच वेळ आली होती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले सरदार त्याला तांबड्या हरणामागे सोडत. १७४६ साली कलोडनच्या लढाईत बंडखोर सरदारांचा पराभव झाल्यावर ती सरदारकी मोडली, पुढे लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या आणि धावून हरीण धरणाऱ्या कुत्र्याची गरजच उरली नाही. आर्चिबाल्ड आणि डंकन मॅकनील या भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जात सावरली. जातीचा क्लब ब्रिटनमध्ये १८८६ साली निघाला. आणखी एक बारीक गोष्ट: कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांचा, एडिंबरोच्या स्मारकात त्यांच्या पायाशी बसलेला कुत्रा माइडा शुद्ध डिअरहाउंड नव्हता, संकर होता. निवृत्त शिक्षिकेला असल्या चुका दिसल्या की लाल पेन आपोआप हातात येतं, त्याला इलाज नाही.

हा इतिहास पाल्हाळ म्हणून सांगितलेला नाही. पिल्लू वाढवताना तो रोज अंगावर येतो. हा कुत्रा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारा. दूरवर काही पळताना दिसलं की त्याचे कान बंद होतात. बैरू सात महिन्यांचा असताना मोकळ्या माळावर एक ससा उठला. मी ‘बैरू, ये’ म्हणेपर्यंत तो ठिपक्याएवढा झाला होता. वीस मिनिटांनी परत आला, जीभ लोंबत, अतिशय आनंदात. त्या वीस मिनिटांत माझं वय जे वाढलं ते वाढलंच. तेव्हापासून पट्टा सुटतो तो फक्त कुंपणाच्या आत. पट्टाही रुंद लागतो, ओढ लागताच थोडा आवळणारा, कारण यांचं डोकं मानेच्या मानाने अरुंद. साध्या पट्ट्यातून तो मागे सरकत सहज सुटतो.

आता वाढ. पिल्लं जन्मतात ती जवळजवळ काळी. तो राखी रंग आणि बैराग्याची दाढी पुढे हळूहळू येते. माझ्या वहीत आठव्या आठवड्याला ८ किलो लिहिलं आहे आणि सहाव्या महिन्याला ३१. आज तो ४६ किलोंचा आहे, खांद्यापाशी ७९ सेंटीमीटर. सहा महिन्यांचं ते ३१ किलोंचं धूड मनाने अगदी बाळ असतं. अंगणात गोल गोल सुसाट धावतं, वळण चुकतं आणि सरळ आपल्या गुडघ्यावर येऊन आदळतं. ते धावत असताना झाडाला पाठ लावून उभं राहायचं, ही ब्रीडर बाईंची सूचना मी थट्टेवारी नेली होती. चार दिवस लंगडले, मग झाड शोधलं.

लंगडण्यावरून खरी चूक सांगायला हवी. घरातलं लाकूडकाम कुरतडून होत होतं, म्हणून मी ठरवलं की याला दमवायचं. पाचव्या महिन्यात रोज संध्याकाळी पट्टा लावून तासभर ताठ चालवायला लागले. शिवाय एका परिचितांनी सांगितलं म्हणून जेवणात कॅल्शियमची पूड. एवढा मोठा सांगाडा उभा राहायचा आहे, तर कॅल्शियम हवंच, हे तर्काला किती पटतं! तीन आठवड्यांत तो पुढचा डावा पाय उचलून धरू लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. मग त्यांनी माझं वेळापत्रक विचारलं आणि कपाळाला हात लावला.

त्यांनी समजावलेलं असं. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचे थर असतात, वाढ तिथे होते. एवढ्या मोठ्या जातीत ते भरून यायला दीड वर्षाच्या आसपास लागतं. तोवर एकसारखी सक्तीची चाल, उड्या, जिने हे सगळं त्या मऊ जागी बसतं. पिल्लाने आपल्या मनाने धावावं, आपल्या मनाने आडवं व्हावं. पट्ट्याला बांधलेलं पिल्लू मात्र दमलं तरी आपल्यामागे येत राहतं. आणि कॅल्शियमचं तर उलटच आहे. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. जेवढं घालाल त्यातलं बरंच शोषलं जातं आणि हाडांच्या वाढीची घडी बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी तयार केलेलं खाणं मोजून द्यायचं, वर काही घालायचं नाही. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. लोक म्हणतील उपाशी ठेवता का, म्हणू द्यायचं. मला तर दोघांनी तोंडावर म्हटलं.

पूड बंद, चालणं बंद. पाय महिनाभरात सुधारला. वहीच्या त्या पानावर मी स्वतःला शून्य मार्क दिलेले आहेत.

मग लाकूडकामाचं काय, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर मला उशिरा कळलं: तो थकत नव्हता हे निमित्त होतं, त्याला एकटं वाटत होतं. ही जात सोबतीवर जगते. पुष्कळ ब्रीडर म्हणूनच दुसरा कुत्रा नसलेल्या घरी एकटं पिल्लू द्यायला नाखूश असतात. पहिल्या नऊ रात्री मी त्याच्या अंथरुणाशेजारी गादी टाकून झोपले, पण दिवसा बाजारहाटाला तीन तास गेले आणि परत आले तर सोफ्याचा कापूस खोलीभर. पुढे ओळखीतल्या एका कुटुंबाची सात वर्षांची ग्रेहाउंड आमच्याकडे आली. तिने त्याला कधी एका गुरगुरीवर, कधी नुसतं तोंड फिरवून जे शिकवलं, ते मला जमलं नसतं. ओरडून तर याला काहीच शिकवता येत नाही. एकदा आवाज चढवला तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसला होता. माझे विद्यार्थी इतके हळवे असते तर मीही बरी शिक्षिका झाले असते.

दोन गोष्टी मात्र चौकटीत यायलाच हव्या होत्या, जिवाशी गाठ म्हणून. एक, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडू शकतो. ओकारीसाठी उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, पोट ताणतं, कुत्रा अस्वस्थ फिरतो. त्या वेळी सकाळपर्यंत वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. जेवणाच्या आगेमागे धावपळ नको. दुसरी, भुलीची. यांच्या अंगात चरबी नसल्यासारखीच, भुलीची काही औषधं शरीरातून उतरायला फार वेळ लावतात. शिवाय काहींचं रक्त गोठायला उशीर लागतो, त्याची तपासणी होते. शस्त्रक्रियेआधी जात कोणती, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

दुसरं वर्ष सरता सरता बैरू एका संध्याकाळी गालिच्यावर पसरला आणि तुमच्या फोटोतला झाला. नंतर त्याने घरातलं काहीही कुरतडलेलं नाही. कोणी आलं तर तो शेपटी हलवतो. राखणदार म्हणून त्याचा उपयोग शून्य आहे, हेही नव्या लोकांना सांगून टाका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्याच पानावर, चौकटीच्या बरोब्बर खाली, आपण एक जाहिरात छापली आहे: ‘दुर्मिळ विदेशी जातींची पिल्ले त्वरित उपलब्ध, घरपोच.’ वरचा मजकूर वाचून ज्याला मोह होईल, त्याचं बोट तीन सेंटीमीटर खाली त्या फोन नंबरवर जाणार. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून कायदाच आहे की व्यापाऱ्याने मधल्यामध्ये पिल्लू विकायचं नाही, ते जिथे वाढलं तिथे, आईसोबत दाखवूनच द्यायचं. कायद्याची वाट न बघता आपल्या जाहिरात विभागाला एवढं करता येईल: पिल्लांची जाहिरात घेताना अर्जात एक रकाना वाढवावा, ‘आई कुठे बघता येईल?’ रकाना कोरा आला तर जाहिरात परत पाठवावी. आणि पुढच्या वेळी फोटो पाच महिन्यांच्या पिल्लाचा छापावा. हवा असेल तर माझ्याकडे आहे, त्यात सोफाही दिसतो.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका