चेपण्याआधी गाडी रिकामी करा

महोदय,
भंगारात जुन्या गाड्या चेपताना परवा पहिल्यांदाच जवळून पाहिले. क्रेनने गाडी टपावरून उचलली, यंत्राचा जबडा मिटला, काचांचा चुरा झाला आणि क्षणात टप सीटला टेकला. मागच्या काचेवर लहान मुलाने चिकटवलेला तारा होता. तो दिसला आणि पोटात कालवले. कुणाच्या तरी घरातलीच होती ती.

पण त्याहून जास्त खटकले ते खाली मातीत पसरलेले काळे तेल. साध्या गाडीच्या इंजिनातच ३-४ लिटर ऑइल असते. शिवाय कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक ऑइल, एसीचा गॅस, बॅटरीतले शिसे आणि आम्ल. हे सगळे आधी काढून घेतले तर चेपलेल्या सांगाड्याचे पोलाद पुन्हा वितळवून वापरता येते. सायलेन्सरच्या मार्गातल्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे मौल्यवान धातूही मिळतात. घाईने तशीच चेपली, तर तेच विष जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते. गाडी भंगारात देणाऱ्यांनी निदान एवढे तरी विचारावे: तेल काढले का, बॅटरी कुठे गेली?

– एक वाचक