आविलाच्या तटाखाली भेटलेल्या ताई, तुमच्यासाठी

ताई, तुमचं नाव विचारायचं राहिलं, नंबर घ्यायचा पण राहिला, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणी ओळखत असेल तर प्लीज त्यांच्यापर्यंत पोचवा.

ऑक्टोबरात मी आणि आई माद्रिदहून दीड तासाच्या ट्रेनने आविलाला, स्पेनमधल्या जुन्या तटबंदीच्या गावाला गेलो होतो. आल्काथार दरवाज्यापाशी पोचेपर्यंतच आईचे गुडघे धरले. तट बारा मीटर उंच, वर जायला पायऱ्या, ती म्हणाली तू जा, मी बसते इथेच बाकावर, पण परक्या गावात तिला एकटीला सोडून माझा पाय निघेना. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "मराठी का तुम्ही? काकूंजवळ मी थांबते, तू निवांत फिरून ये."

तासाभराने खाली आले तर आई बाकावर नव्हतीच! तुम्ही तिला हळूहळू तटाच्या कडेकडेने कथीड्रलपर्यंत नेलं होतं, आणि माझी आई मलाच समजावत होती की अगं ही चर्चची मागची भिंतच बुरूज आहे बघ, आणि हे दगड रोमन लोकांच्या थडग्यांचे, नंतर तट बांधणाऱ्यांनी उचलून इथे बसवले. एका दगडावर हात ठेवून उभी होती, काढतच नव्हती.

दुकानात ते पिवळे गोल 'येमास' तिने पेढे समजून उचलले तेव्हा तुम्ही पटकन सांगितलंत की काकू, अंड्याचा बलक आहे त्यात. आईचे उपास-तापास, सोवळं मला माहीत आहे, तुम्हाला न सांगता कळलं.

आणि मग टॅक्सी करून नदीपलीकडे क्वात्रो पोस्तेसला! चार खांब, मध्ये क्रॉस, आणि समोर अडीच किलोमीटरचा अख्खा तट एका नजरेत. इथलीच संत तेरेसा सात वर्षांची असताना भावाला घेऊन घरातून पळाली आणि काकाने इथेच पकडलं म्हणतात, ही गोष्ट तुम्ही सांगितलीत ती आई आता येईल त्याला सांगते. ऐंशीच्या वर बुरूज आहेत म्हटल्यावर ती मोजायलाच बसली. गुडघ्यांमुळे दहा-बारा वर्षांत तिने एक किल्ला बघितला नव्हता हो ताई, तिने तो असा पूर्ण बघितला तो तुमच्यामुळे.

वर वारा सुटला म्हणून तुम्ही तिच्या खांद्यावर टाकलेली निळी शाल आमच्याकडेच राहिलीय. आईने धुऊन, घडी करून कपाटात ठेवलीय. पत्ता कळवा ना, सोबत बेसनाचे लाडू पण पाठवायचेत तिला.