मेसेज येतात, पण जात नाहीत: सिम बदलल्यापासून बंद असलेल्या सेवेची तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, महाराष्ट्र-गोवा सर्कल

विषय: नवीन सिम घेतल्यापासून माझ्या नंबरवरून मेसेज जात नसल्याबाबत, आणि तक्रार न सोडवताच बंद केल्याबाबत.

महोदय,

मी केळापूर तालुक्यातल्या पाटणबोरीकडच्या एका खेड्यात राहते. महिला बचत गटाची सचिव आहे. तुमच्या कंपनीचा नंबर माझ्याकडे वर्षानुवर्षं आहे. जुनं सिम खराब झालं म्हणून दिवाळीच्या आधी पांढरकवड्याच्या तुमच्या दुकानातून त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं. आधार दिलं, अंगठा दिला, फोटो दिला. तेव्हापासून या नंबरवरून एकही मेसेज गेलेला नाही. तेव्हा कापसाची वेचणी सुरू झाली होती, आता तुरीला शेंगा धरल्या.

फोन लागतो, इंटरनेट चालतं, बँकेचे ओटीपी येतात, तुमच्या रिचार्जच्या जाहिराती तर न चुकता येतात. फक्त मी लिहिलेला मेसेज बाहेर पडत नाही. 'पाठवा' दाबलं की थोडा वेळ 'पाठवत आहे' दिसतं, मग बाजूला लाल उद्गारचिन्ह येतं आणि खाली 'पाठवला गेला नाही'.

तुमच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवीन माणूस असतो आणि दर वेळी पहिला प्रश्न तोच, 'मॅडम, फोन बंद करून चालू केला का?' हे पत्र वाचणाऱ्यांनी कृपया तो विचारू नये. बाकी काय काय तपासलं ते सांगते, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

दुकानातला मुलगा म्हणाला, 'ताई, मेसेज येऊन राहिले ना, मग सिम चांगलंच आहे, तुमचा सेटच गेला.' म्हणून माझं सिम पुतण्याच्या फोनमध्ये टाकलं, तिथूनही मेसेज गेला नाही. माझ्या फोनमध्ये जावेचं दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं, त्यावरून लगेच गेला. सेटचा विषय तिथेच संपतो. पॅक चालू आहे, त्यात रोजचे १०० मेसेज आहेत, आणि सकाळचा पहिलाच मेसेज अडकतो, त्यामुळे मर्यादा संपल्याचंही कारण नाही.

मग सांगण्यात आलं की मराठीत लिहिता म्हणून जात नसेल. मराठी मेसेज ७० अक्षरांत संपतो, इंग्रजी १६० पर्यंत चालतो, आणि मराठीत काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते, हे मला माहीत आहे. 'बैठक' लिहिलं की ४ मोजतात, 'मीटिंग' लिहिलं की ६. मेसेज लांबला की त्याचे तुकडे होतात, पैसे जास्त लागू शकतात, पण मराठी आहे म्हणून तो अडत नाही. तरी इंग्रजीत नुसतं 'ओके' पाठवून पाहिलं. तेही गेलं नाही.

पुढचं कारण रोमिंगचं. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्हा आहे. नदीकाठच्या वावरात उभं राहिलं की फोन कधी कधी तेलंगणाचा टॉवर धरतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून पांढरकवड्याच्या बाजारात, तुमच्याच दुकानासमोर, पूर्ण रेंजमध्ये मेसेज पाठवला. तेच लाल उद्गारचिन्ह. दुकानातल्या मुलाने ते स्वतः पाहिलं आणि 'वरून प्रॉब्लेम आहे' म्हणाला. माझंही तेच म्हणणं आहे.

मेसेज सेंटरचा नंबरही पाहिला. आपला मेसेज थेट समोरच्याकडे जात नाही, आधी कंपनीच्या सेंटरला जातो आणि तिथून पुढे. त्या सेंटरचा नंबर सिममध्ये असतो. तो चुकला तर फोन लागतो, मेसेज येतात, पण जात नाहीत, अगदी माझ्यासारखं. पुतण्याने स्टार हॅश स्टार हॅश ४६३६ हॅश स्टार हॅश स्टार दाबून तो काढला आणि शेजारच्या काकूंच्या सिमशी जुळवला. काकूंचं सिम तुमच्याच कंपनीचं, तुमच्याच सर्कलचं. दोन्ही नंबर एकच निघाले. काकूंचे मेसेज जातात, माझे नाहीत.

आता राहतं ते एकच. सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी २४ तास मेसेज बंद ठेवायचे, असा दूरसंचार विभागाचा आदेश आहे. तो चांगलाच आहे, कोणी परस्पर माझ्या नावाचं सिम काढलं तर माझं खातं त्यामुळेच वाचेल. पण २४ तासांनी दोन्ही बाजू उघडायच्या असतात. माझे येणारे मेसेज दुसऱ्या दिवशी सुरू झाले. जाणारे बंदच राहिले. तुमच्या सिस्टिममध्ये माझ्या नंबरवरचा तो अर्धा अडसर कोणी काढलेलाच नाही, असं मला वाटतं. तो माझ्या हातात नाही, दुकानातल्या मुलाच्याही नाही.

'व्हॉट्सॲप वापरा ना' असाही सल्ला मिळाला. आमच्या गटातल्या बहुतेक बायांकडे बटणाचे फोन आहेत. वेचणीच्या दिवसांत त्या सकाळीच वावरात जातात आणि फोन घरी राहतो. संध्याकाळी मेसेज दिसला तर हप्ता घेऊन बैठकीला येतात. या वेळी निरोप घरोघरी जाऊन द्यावा लागला, तरी दोघींना मिळाला नाही आणि त्यांच्या नावावर दंड लागला. तो मी मागे घ्यायला लावला, पण त्यासाठी बैठकीत मला ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. दुसरं म्हणजे यूपीआय. ते सुरू करताना ॲप आपल्या सिमवरून आपोआप एक मेसेज पाठवून नंबरची खात्री करतं. तो मेसेजच जात नाही, म्हणून ॲप सुरू होत नाही.

कंटाळून नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं ठरवलं. त्यासाठी १९०० वर 'पोर्ट' लिहून मेसेज पाठवायचा असतो! सिम बदलल्यावर ७ दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही, तो नियम माहीत आहे, ते ७ दिवस केव्हाच उलटले. कोणताही पॅक असला तरी १९०० वर मेसेज जाऊ दिलाच पाहिजे, असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना बजावलेलं आहे. माझा जात नाही. म्हणजे तुमच्याकडे नीट राहता येत नाही आणि तुम्हाला सोडताही येत नाही.

आणि आता सर्वांत राग आणणारी गोष्ट. हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार तुम्ही 'निराकरण झाले' म्हणून बंद केली. तसा मेसेज आला. त्यात खाली लिहिलं होतं, समाधान झालं नसल्यास या मेसेजला उत्तर पाठवा. मी उत्तर लिहिलं, पाठवलं. लाल उद्गारचिन्ह. मी गप्प राहिले म्हणजे माझं समाधान झालं, असं तुमच्या यंत्राने धरलं असणार.

तरी माझ्या मागण्या अशा. नेटवर्क विभागातल्या जाणकाराने माझ्या नंबरवर बाहेर जाणारे मेसेज चालू आहेत की बंद, ते प्रत्यक्ष पाहून चालू करावेत. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून नवा डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) द्यावा. सिम बदलल्यापासून मेसेजसह पूर्ण पॅकचे पैसे घेतले आहेत, तेवढ्या दिवसांची मुदत वाढवून द्यावी. आणि दोष कुठे होता ते लेखी कळवावं, कारण त्याच दुकानातून सिम बदललेल्या आणखी एका बाईचीही हीच तक्रार आहे.

यानेही काम झालं नाही तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे मी तुमच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाणार आहे. तिथे ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. लाल चिन्ह दिसणाऱ्या पडद्याचे फोटो, सिम बदलल्याची पावती आणि तुमचा 'निराकरण झाले' हा मेसेज, सगळं सोबत जोडलं आहे.

उत्तर पोस्टाने द्यावं किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करावा. दिवसा मी वावरात असते.

आपली ग्राहक,
सचिव, महिला बचत गट
ता. केळापूर, जि. यवतमाळ