मदत तोडायची तर सांगून

'यूएसएड' ही अमेरिकी मदतसंस्था १ जुलै २०२५ रोजी बंद झाली ते बरेच झाले, असा सूर लावणारा आपल्या अंकातील लेख वाचला. परदेशी पैशाने गरीब देश ऐतखाऊ होतात, हे त्यातले विधान इथिओपियाच्या बाबतीत टिकत नाही. तिथे दुष्काळ पडला की जगापुढे हात पसरायचे आणि धान्य पोहोचेपर्यंत लोकांनी बैल-शेळ्या विकून बसायचे, असे वर्षानुवर्षे चालले होते. २००५ मध्ये सरकारने जागतिक बँक, ब्रिटन, यूएसएड आदींच्या पैशातून त्यावर कायमची योजना आखली. पाऊस पडो न पडो, टंचाईग्रस्त तालुक्यांत वर्षाला साधारण सहा महिने काम : डोंगरउतारावर दगडी बांध, तळी, रस्ते. मजुरी रोख किंवा धान्यात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कामाविना. सुरुवातीलाच सुमारे ५० लाख लोक त्यात आले.

१९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांवर राबलेल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. फक्त आपली रोजगार हमी व्यवसायकरावर उभी राहिली. इथिओपियाच्या तिजोरीत तेवढी ताकद नाही. मजुरी रखडल्याच्या तक्रारी तिथेही आहेत (त्याही आपल्या ओळखीच्याच). तरीही मदत आटवायचीच होती, तर दोन-तीन वर्षे आधी सांगून, टप्प्याटप्प्याने आटवता आली असती. २० जानेवारी २०२५ च्या ट्रम्प यांच्या एका आदेशाने जगभरची चालू कामे थांबवण्याला लेखक काटकसर म्हणतात, ते पटत नाही.

– एक वाचक, सोलापूर