चंद्रपूर ताडोबापुरते नाही

रविवारच्या पुरवणीतील विदर्भ पर्यटनावरचा लेख वाचला. त्यात चंद्रपूर आले ते केवळ ताडोबाला जाताना उतरायचे ठिकाण म्हणून, हे खटकले. आम्ही मूलकडची माणसे कचेरीच्या कामाला एसटीने येतो आणि काम आटोपले की गोंडकालीन परकोटात पायीच फिरतो. जटपुरा दरवाजावर कोरलेला, हत्तीवर स्वार झालेला सिंह सफारीच्या जिप्सीतून कसा दिसणार? तिथून सरळ पठाणपुऱ्याकडे रमतगमत निघावे, वाटेत चहा घ्यावा. अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राणी हिराईने पती राजा बीरशहासाठी बांधलेली समाधी आहे. सफारीच्या खर्चापुढे हे फुकटच. त्यात 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट. पुढच्या लेखासोबत बसस्थानकापासूनचा पायवाटेचा नकाशा जरूर छापावा.

– एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)