चार आण्यांची वाट : गावच्या पायवाटेसाठी आणि बागेसाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेली आपली मंडळी, सर्वांना गावाकडून रामराम.

यात्रेची वर्गणी मागायला दारात येतो तसेच आलोय. पावतीपुस्तक तेवढं यंदा वेगळं आहे.

हंगामात पहाटे साडेपाचला फाट्यावर उभं राहून पाहा. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर रस्त्याच्या निम्म्यापर्यंत आलेला ऊस, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही आणि पुढे गाणी एवढी मोठ्याने की हॉर्नही ऐकू येऊ नये. त्याच रस्त्याच्या कडेने मोबाईलची बॅटरी धरून आपल्या घरच्या बायका चालत असतात. डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून चालायला सांगितलं आणि चालायला निघावं तर साखरेच्याच गाड्या अंगावर येतात, अशी आपली गत. गेल्या हिवाळ्यात ट्रॉली चुकवताना आपल्यातल्या एक वहिनी चरात पडल्या. मनगट मोडलं. दीड महिना हात गळ्यात अडकवून त्या चुलीपुढे बसल्या आणि बरं वाटल्यावर पुन्हा त्याच रस्त्याने चालू लागल्या, कारण दुसरा रस्ता नाही.

पण तो आहे. निदान कागदावर तरी आहे.

भूमी अभिलेखच्या कचेरीतून आम्ही वाट-बाग समितीने गाव नकाशाची नक्कल आणली. मारुतीच्या पारापासून शाळेच्या मागून निघून, ओढा धरून, गायरानाच्या कडेने टेकडीवरच्या महादेवापर्यंत एक बारीक तुटक रेष गेलेली त्यात स्पष्ट दिसते. गाडीवाट असली तर ही तुटक रेष दुहेरी असते, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेष म्हणजे पायवाट आणि तिची रुंदी सव्वाआठ फूट. हा सव्वाआठचा आकडा आला कुठून, असं ग्रामसभेत एका पोराने विचारलं आणि तिथे बसलेल्या जुन्या जाणत्यांचे डोळे चमकले. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या साखळीचे सोळा आणे पाडले की चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट. आपली वाट रुंदीला चार आण्यांची आहे आणि लांबीला 240 साखळ्या, म्हणजे सुमारे 2.4 किलोमीटर.

आता ती दिसत का नाही, हे सांगायला नको. बांध कोरणं हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. दरसाल नांगराचा फाळ बोटभर आत येतो, भांडण होण्याइतका नाही, पण चाळीस वर्षांत वाट संपते. यात कुणा एकाला दोष द्यायचा नाही. आमच्या समितीतल्या दोघांच्या वावरातही ती सापडली आहे.

मोजणीच्या दिवशीचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. ओढ्याच्या वळणावर टेप धरली, तर सव्वाआठ फुटांचं टोक थेट उसाच्या तिसऱ्या सरीत गेलं. ऊस लागणीचा, ऐन भरातला. सगळे गप्प. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करून अडवलेली वाट मोकळी करून घेता येते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि म्हणूनच कुणी ते बोलून दाखवलं नाही. ज्यांचा ऊस, त्या तात्यांनी दोन कांड्यांमधून वाकून टेपचं टोक पाहिलं, तिथे स्वतःच एक खुंटी मारली आणि म्हणाले, "तुटून जाऊ दे, मग खोडवा इथनं अलीकडं धरतो." म्हणजे हा ऊस तुटला की त्याच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक वाट सोडून. एवढंच. मग चहा झाला. वाटेवर जमीन असलेल्या सगळ्यांनी आता लेखी संमती दिली आहे. काहींना दोनदा चहा पाजावा लागला, एका ठिकाणी जेवणही. तो खर्च समितीच्या खिशातला आहे, हिशोबात धरलेला नाही.

गावच्या पायवाटेला एवढं महत्त्व देणारे आपण पहिले नव्हे. इंग्लंडात 1949 च्या कायद्याने तिथल्या काउंट्यांना गावोगावच्या पायवाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. शेतातून जाणारी वाट शेतकऱ्याने नांगरली तर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. आपल्याला कायद्याची भीती घालायची नाही, तात्यांसारखी माणसं आहेत तोवर गरजही नाही. पण वाट ही सुद्धा गावची मालमत्ता असते, चावडीसारखी, विहिरीसारखी, एवढं त्यातून घेता येईल.

आता बागेबद्दल. नातवंडांना झोपाळा दाखवायचा तर आपण त्यांना कराडला प्रीतिसंगमावर नेतो. गावात बाग कधी झालीच नाही असं मात्र नाही. शाळेमागे गंजलेली कमान आहे, तिच्यामागे व्यायामाची दोन लोखंडी यंत्रं आहेत आणि पेव्हर ब्लॉकमधून उगवलेली घाणेरी आहे, तीच आपली बाग. नारळ फुटला, फोटो निघाले, हिरवळ अंथरली. पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुणी सोडायचं यावर वाद झाला, दुसऱ्या उन्हाळ्यात वाद घालायला हिरवळच उरली नाही. झोपाळ्याच्या साखळ्या कुणी नेल्या ते गावाला माहीत आहे, पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय एवढाच की बांधायला पैसे मिळतात, जगवायला मिळत नाहीत.

म्हणून यंदा आम्ही उलटं गणित मांडलं. बांधण्यासाठी तुमच्याकडे फारसं मागत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी ग्रामपंचायतीकडे आला, त्यातला 60 टक्के बंधित होता, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. त्यातून बागेजवळचं स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याचा नळ आराखड्यात घेतला. उरलेल्या अबंधित पैशातून वाटेवर मुरूम आणि ओढ्यावर ह्यूम पाईपची मोरी. मातीकाम रोजगार हमीतून, रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून. गायरानाची मालकी सरकारची, ग्रामपंचायत फक्त राखणदार, त्यामुळे त्यावर पक्कं काही बांधायचं नाही असं ठरवलं आहे. त्यातल्या वीस गुंठ्यांत झाडं, झोपाळे आणि बाक. हिरवळ नाही, कारंजं नाही, सेल्फी पॉइंट तर मुळीच नाही. (तो मागणाऱ्या तरुण मंडळींनी राग मानू नये. महादेवाच्या पायरीवरून कृष्णेचं वळण दिसतं, तिथे काढा किती काढायचे ते.)

आराखड्यात सर्वांत जास्त खाडाखोड महिला ग्रामसभेने केली आणि ती बरोबर होती. आम्ही पुरुषांनी काढलेली वाट शाळा ओलांडल्यावर एका ठिकाणी आतून, उसाच्या मधून जात होती, कारण तिथे सावली आहे. बायका म्हणाल्या, सावली नको, माणसं दिसू देत. उसात बिबट्या असतो आणि बिबट्याच फक्त असतो असंही नाही. म्हणून तिथे वाट गावाच्या अंगाने घेतली, घरांच्या ओसरीवरून दिसेल अशी. तेवढ्या तुकड्यासाठी दोन खातेदारांनी आपल्या बांधावरून जाऊ द्यायचं मान्य केलं आहे. बाकं किती हवीत असं विचारलं, तर उत्तर आलं, "बाकं राहू द्या, आधी संडास." स्वच्छतागृह तिथूनच यादीत पहिलं आलं. आणि बाकाला पाठ हवी, ही मागणी सगळ्या म्हाताऱ्या माणसांची. बिनपाठीच्या सिमेंटच्या बाकावर बसून उठायला दोन माणसं लागतात, असं एका आबांनी करून दाखवलं.

झाडांबद्दल शेतकऱ्यांची धास्ती वाजवी आहे. सावलीत ऊस खुरटतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना वावर आहे तिथे मोठं झाड लावणार नाही. बांधावर शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, तेही ज्यांच्या बांधावर त्यांना विचारून आणि त्याचं उत्पन्न त्यांचंच. ओढ्याकाठी करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ. गायरानात वड, कडुलिंब, बहावा, आपटा, काटेसावर. आपटा मुद्दाम, कारण दसऱ्याला आपण फांद्या ओरबाडायला दुसऱ्याच्या रानात जातो. खड्डे दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यायचे आणि मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की रोपं लावायची.

आता मागणं.

तीन वर्षं झाडं आणि वाट सांभाळायला एक अर्धवेळ माणूस लागेल, गावातलाच. महिना 10,000 प्रमाणे छत्तीस महिन्यांचे 3,60,000 रुपये. ठिबक आणि पाण्याची टाकी 70,000. झोपाळे, घसरगुंडी आणि पाठीचे बाक मिळून 1,20,000. रोपं शेळ्यांपासून वाचवायला कुंपण 50,000. सगळे मिळून 6 लाख. मोठा भाग माणसाच्या पगाराचा आहे हे पाहून काहींनी भुवया उंचावल्या. पण मागच्या वेळी नेमका तोच पैसा नव्हता. झाड तीन उन्हाळे तगलं की मग त्याचं ते बघून घेतं, तोवर त्याला रोज कुणीतरी लागतं.

6 लाखांना 240 साखळ्यांनी भागलं तर एका साखळीला 2,500 रुपये येतात. आठ आण्यांचे 1,250 आणि चार आण्यांचे 625. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे साखळी घ्यावी, आठ आणे घ्यावेत, चार आणे घ्यावेत. त्याहून कमी दिले तरी पावती मिळेल. पैसे ग्रामनिधीत जमा होतील आणि नमुना 7 ची सामान्य पावती ग्रामपंचायतीतच फाडली जाईल. समितीतल्या कुणाच्याही हातात, कुणाच्याही मोबाईलवर पैसे देऊ नका, अगदी अध्यक्ष मागायला आले तरी. बाहेरगावच्या मंडळींनी बँकेत भरण्यासाठी खात्याची माहिती ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडूनच (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्यावी. दर महिन्याचा जमाखर्च चावडीच्या फळ्यावर लागेल आणि 1 मेच्या ग्रामसभेत पहिला हिशोब वाचला जाईल. तिथे प्रश्न विचारा. हिशोब वाचताना लोक उठून जातात आणि वर्षभर पारावर तेच बोलतात, हे या वेळी नको.

नावांचं म्हणाल तर ग्रामपंचायतीत एकच फलक लागेल. नावं मूळाक्षरांच्या क्रमाने, पुढे रकमा नाहीत. बाकांवर, झोपाळ्यांवर, झाडांवर कुणाचंही नाव नाही. वडिलांच्या नावाने कमान बांधून देतो म्हणणारे दोघे भेटले, दोघेही आपलेच, मनाने चांगले. त्यांना हात जोडून सांगितलं की कमान आधीची एक आहे, तुमच्या वडिलांच्या नावाने एका वर्षाचं पाणी घाला. एक तयार झाले. दुसऱ्यांचा निरोप अजून यायचा आहे.

पहिली पावती मात्र त्यांच्या आधीच फाटली होती. माणदेशातून लग्न होऊन आलेल्या आपल्या एका आजी काठी टेकत कचेरीत आल्या आणि पदराच्या गाठीतले 625 मोजून ठेवले. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी पोरवयात आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. "मी दुसऱ्यांचे रस्तं लय केलं," म्हणाल्या, "ही चार आणे माझी. पण मुरूम बारीक टाका, मोठ्या खड्यावर काठी सरकती." कंत्राटदाराला दिलेल्या कामाच्या यादीत ती सूचना आता जशीच्या तशी आहे.

पैसे देणं जमणार नसेल तर हात द्या. मे महिन्यात चारही रविवारी सकाळी सहा ते नऊ श्रमदान आहे, शाळेमागे जमायचं. सुट्टीला आलेल्या मुंबईकरांनी एक रविवार राखून ठेवावा. वाशीच्या बाजारात जन्मभर पाठीवर पोती वाहिलेल्या आपल्या माथाडी भावांना खड्डा खणायला कुणी शिकवायची गरज नाही, पण त्यांची कॉलेजात जाणारी पोरंही बरोबर यावीत. शाळेच्या मुलांकडे बी गोळा करायचं काम दिलं आहे. कुणाच्या दारात बहाव्याच्या किंवा करंजाच्या शेंगा पडत असतील तर झाडून जाळू नका, पोत्यात भरून शाळेत पोचवा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर-टँकर आहे त्यांनी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक खेप पाणी दिलं तर तेही पावतीवर येईल, रुपयांऐवजी खेपांत.

आपले,
ग्रामपंचायत आणि ग्रामसभेने नेमलेली वाट-बाग समिती

ता. क. : श्रमदानाला येताना आपापलं खोरं, पाटी आणि पाण्याची बाटली घेऊन या. ग्रामपंचायतीकडे दोनच खोरी आहेत आणि त्यातल्या एकाचा दांडा ढिला आहे. उसाची पाचट काढायला विळाही लागेल, ओढ्याच्या वळणावर, तात्यांच्या खुंटीपाशी.